उभारीच्या आराखड्याला बँड

जिल्ह्याची आर्थिक उभारी ही सामूहिक इच्छाशक्तीची कसोटी असते, असं मी प्रस्तावनेत लिहिलं होतं. कोरोनात बसलेल्या धंद्यांना हात कसा द्यायचा, याचा तो आराखडा. प्रकाशन सांगलीला विश्रामबागेत होतं. पाहुण्यांच्या स्वागताला माधवनगरच्या बँडवाल्याला मीच बोलावलं. लग्नं मोजक्या माणसांत व्हायला लागल्यापासून त्याला काम नव्हतं.

साथीदारांसह तो लाल कोट घालून आला. "आवं सर, आमचं उघडलं म्हणायचं की आता!"

तेवढ्यात दारावरच्या हवालदाराने सांगितलं, की रात्रीच नवा आदेश निघालाय. कार्यक्रम चालेल, वाद्यं चालणार नाहीत.

"म्हंजी आमी फुंकायचं न्हाई, आन् आत भाषणं तेवढी करायची व्हय?" बँडवाल्याने मला विचारलं.

आत बसलेल्या जिल्हाधिकारी साहेबांकडे मला एक शब्द टाकता आला असता. पण सूत्रसंचालन माझ्याकडे होतं, आणि मला कार्यक्रमात विघ्न नको होतं. "आदेश आहे," मी त्याच्या कोटाच्या बटणांकडे बघत म्हणालो.

"आसू द्या, सर. तुमी तरी काय करणार." त्याने मलाच धीर दिला आणि माझी मान आणखी खाली गेली.

बँडवाले अजून रस्त्यापलीकडे रिक्षात ढोल चढवत होते, तेव्हा पाहुणे आले. मी मोबाइलवर बँडची धून लावली आणि माईकपुढे धरली.