कथलाची जोडवी

जेवण अंगावर येतं तशी गुणाजीची मान ओटीच्या खांबाला टेकते. डोळे मिटतात न मिटतात तोच चुलीपाशी कुणीतरी खुडबुड करतं.

शेवंती. बायको जाऊन दोन पावसाळे झाले, आणि ही आपली खुशाल पळीत डोकावते आहे. पळीत शिसं वितळतंय.

"काय वततास?" ती विचारते.

"गोळी. डुकरांनी भात खाल्ल्यानी."

झालं होतं ते असं. नुसत्या शिशाच्या गोळ्या साच्यातून सुरकुतलेल्या निघायच्या. ठासणीच्या बंदुका घेऊन रानात निघालेली मंडळी हसली, "गुणाजी, तुज्या गोळयेक म्हातारपण इला!" ते याला झोंबलं. शिशात थोडं कथील घातलं की गोळी गुळगुळीत उतरते, हे त्याला ठाऊक. आणि घरात कथील म्हणजे शेवंतीची जोडवी. चांदीची कधी घडलीच नाहीत. दिली पळीत टाकून. गोळ्या अशा लखलखीत झाल्या की हा गावभर दाखवून आला. आज सकाळी लेक सुमती म्हणाली, "आबा, लग्नात माका आयेचीच जोडवी व्हयीत. खंय ठेवलास?"

"पेटयेत आसत," हा बेधडक खोटं बोलला.

"माजी जोडवी?" आता शेवंती विचारते.

चूल जत्रेच्या माळावर आहे. लग्नानंतरची पहिली जत्रा. तो तिच्या पायाशी उकिडवा बसून जोडवी चढवतोय, लोक बघतायत म्हणून ती पदर तोंडाशी धरून हसतेय. तो मान वर करतो तर ही दवाखान्याची खाट. सुजलेल्या बोटांतून ती स्वतःच जोडवी ओढून काढतेय. "सुमतीक ठेवा हां."

"ठेवलंय," तो म्हणतो. मेलेल्या बायकोशीही खोटं! लाजेनं त्याचे कान तापतात.

ती भांडत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसता पाय पुढे करते. बोटावर जोडव्याचा फिकट वण आहे. गुणाजी खिशातली गोळी काढून त्या वणावर बसवू पाहतो. ती घरंगळते. तो पुन्हा बसवतो, ती पुन्हा घरंगळते.

"अवो, रवांदे. ह्यां माका नको. जेचां तेका द्या."

"आणि सांगू काय तिका?"

"काय केलास तां."

"आबा, झोपलास?"

गुणाजी दचकून उठतो. दारात सुमती उभी आहे, लग्नाची साडी काखेत, जोडवी ठेवायला आणलेली डबी हातात. गोळ्यांची पिशवी आतल्या खोलीत बंदुकीपाशी टांगलेली, खोलीला कुलूप, किल्ली याच्या कमरेला. तरी त्याच्या मुठीत काहीतरी टणक लागतंय. तो मूठ उघडतो. गोळी आहे, आणि ती ऊन आहे.

सुमती डबीचं झाकण काढते. खोटं पुन्हा ओठांवर येतं. तो ते गिळतो. गोळी डबीत ठेवतो.

"हीच," तो म्हणतो, "तुज्या आयेची जोडवी."