ताडपत्रीचा चौथा कोपरा

नातीनं पेंचच्या जंगलात निजायला कापडी झुला आणलाय. काल तिनं तो अंगणातल्या दोन झाडांना टांगला, वर ताडपत्री ताणली आणि मला विचारलं, "आजी, तुले येते का वं गाठ मारता?"

मले? नऊ वर्षांची असताना मी स्वतःला गाठींची महाराणी समजत होते! प्लेगाच्या साथीत नागपुरातलं घर सोडून आम्ही शेतात राहात होतो. तापानं फणफणलेली माझी धाकटी बहीण मनू दोन कडुनिंबांमध्ये, लुगड्याच्या झोळीत निजली होती. अवकाळी आभाळ भरून आलं, तशी आई म्हणाली, "वरून ताडपत्री बांध वं."

महाराणीनं चारही कोपरे सारख्या उंचीवर, मोठ्या ऐटीत बांधले. पाणी वाहून जायला एक कोपरा खाली ठेवावा, एवढी अक्कल कुठली! डांबराच्या वासाची ती ताडपत्री पाण्यानं फुगली आणि सगळं पाणी भसकन मनूवर कोसळलं. मी हंबरडा फोडला.

आईनं मनूला पदरानं पुसलं, बराच वेळ तिच्या छातीवर हात ठेवला. मग म्हणाली, "रडून काहून राहिली? हे गाठ ढिली हाय, पुन्हा मार."

संध्याकाळपर्यंत मी गाठी मारत होते. गाठ घट्ट बसली की मनू वाचणार, अशी माझी खात्री. आई दर वेळी म्हणे, "ढिली हाय."

मनू त्या पुन्हा मारलेल्या पहिल्या गाठीच्या आधीच गेली होती. ते मला फार उशिरा उमगलं.

नातीला एवढंच म्हटलं, "एक कोपरा खाली घे वं."