मॅगव्हीलचे नट आणि आबांचा डोळा

आमच्या ह्यांना चकचकीत वस्तूंचा भारी सोस. अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात अधिकारी, खात्यातली माणसं त्यांना टरकून असायची. पण दुकानात काही लकाकलं की हा माणूस विरघळलाच. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही जुनी गाडी घेतली, ती आपण इंजिन पारखून घेतली असं ते सगळ्यांना सांगायचे. साफ खोटं. त्यांनी ती चाकं बघून घेतली. आधीच्या मालकांनी, उल्हासनगर कॅम्प चारमधल्या एका हौशी गृहस्थांनी, तिला अलॉयची चाकं बसवली होती. तेव्हा असल्या चाकांना सगळे मॅगव्हील म्हणायचे. रंग उडालेली गाडी आणि खाली ती रुपेरी चाकं! फाटक्या लुगड्यावर पैठणीचा पदर जोडावा तसं ते ध्यान दिसायचं.

मला मात्र गाडी हवी होती ती आबांसाठी. आबा म्हणजे माझे वडील. वांगणीला भातशेती, आई गेल्यापासून एकटेच. दोन वर्षं मोतीबिंदू पिकत चालला होता आणि हा माणूस ऑपरेशनचं नाव काढू देत नव्हता. कधी आवणी-लावणीची कामं, कधी म्हशीची अडचण, कधी शेजारच्या कुणाचा तरी डोळा म्हणे ऑपरेशननंतर वाहतच राहिला. स्टेशनात नेते म्हटलं तर म्हणायचे, "फलाट आनि गाडी यातली फट मला दिसत नाय, पाय घालू कुठं?" शेवटी एकदा मी रडकुंडीला आले तेव्हा म्हणाले, "तुझी सोताची मोटार घिऊन ये. तू चालव. मंग येतो." आमच्याकडे तेव्हा सायकल होती. न यायचा याहून पक्का बंदोबस्त त्यांना सुचला नसता. मग आम्ही गाडी घेतली, मी ड्रायव्हिंग स्कूलला जाऊन लायसन्स काढलं आणि आबांची पंचाईत झाली. दिलेला शब्द मोडणाऱ्यातले ते नव्हते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख डॉक्टरांकडून घेतली. दसऱ्याला जाऊन त्यांना आणायचं ठरलं. ही तारीख हुकली तर आबा पुन्हा हाती लागणार नाहीत, हे मला पुरतं ठाऊक होतं.

आणि नवरात्र सरत आलं तेव्हा गाडीचं एक चाक पंक्चर झालं. चाक खोलायला गेलो तर एक नट काही केल्या हलेना. त्याचे कोपरे झिजून तो सुपारीसारखा गोल झाला होता. गॅरेजवाल्यानं छिन्नी लावून तो तोडला, बाकीचे हातात घेऊन बघितले आणि म्हणाला, "साहेब, हे सगळेच बदला. हे साध्या लोखंडी चाकाचे नट आहेत. मॅगव्हीलला वेगळे लागतात." म्हणजे त्या हौशी गृहस्थांनी चाकं झकास घातली आणि नट तेच जुने ठेवले! मी ह्यांच्याकडे बघितलं. हे आकाशाकडे बघत होते. गाडी विटांवर चढली.

दुसऱ्या दिवशी आम्ही शेअर रिक्षानं उल्हासनगरला, कॅम्प तीनच्या बाजारात. ह्यांच्या खिशात नमुन्याला एक जुना नट. जीन्सच्या शिलाई कारखान्यांच्या मधल्या गल्लीत गाड्यांच्या सामानाचं एक दुकान होतं. सिंधी मालकानं नट तळहातावर घेऊन फिरवला आणि विचारलं, "साईं, व्हील किधर है?" चाक कशाला, हे म्हणाले. नटाला नट द्या ना! मालकानं कपाळाला हात लावला. नटाचे आटे बोल्टशी जुळले म्हणजे काम झालं असं नाही, नटाचं तोंड चाकाच्या भोकात बसलं पाहिजे, असं तो समजावून सांगू लागला. काही चाकांना निमुळत्या तोंडाचा नट लागतो, काहींना सपाट, खाली वॉशर असलेला. त्यात पुन्हा मॅगव्हीलचं भोक खोल, तिथे जाडजूड नट गेला तर त्याच्यावर पाना शिरायला जागा उरत नाही. "भाभी, आप समझाओ इनको," तो मला म्हणाला. मला कळायला त्यात काय कठीण? बांगडी भरायची तर हात घेऊनच जावं लागतं, माप सांगून भागत नाही.

मग काय, त्याच्या पुढच्या दिवशी आमची वरात निघाली. शेअर रिक्षात मी मध्ये, मांडीवर मॅगव्हील, खाली जुनी चादर. शेजारच्या सिंधी बाईंनी आधी पाय आक्रसून घेतले, मग कुतूहलानं विचारलं, "नया लिया क्या? कितना सुंदर है!" हे पुढे ड्रायव्हरला चिकटून बसले होते, तिथूनही त्यांची मान ताठ झालेली मला दिसली. चाकाचं कौतुक आपलंच कौतुक! माझ्या मांड्यांना मुंग्या आल्या होत्या ते राहिलं बाजूला.

दुकानदारानं तीन प्रकार काढून ठेवले. एक क्रोमचे, आरशासारखे. एक निळसर झाक असलेले, त्यांतला एक कुलपाचा, वेगळी किल्ली लागणारा. आणि तिसरे करडे, मुकाट, कुणाच्या नजरेत न भरणारे. ह्यांचा हात सरळ क्रोमवर. भोकात घालून बघितले तर बसलेसे वाटले. "बघ, काय दिसतायत!" मी म्हटलं, दिसतायत छान, पण बसलेत का? आत कोण बघून आलंय? तेव्हा कुठे ह्यांच्यातला कारखान्यातला माणूस जागा झाला. म्हणाले, आमच्याकडे दोन भाग नीट बसतात का ते बघायला एकाला निळी पेस्ट लावतात, दाबून फिरवतात. दुसऱ्याला रंग सगळीकडे सारखा लागला तर ठीक. पण इथे पेस्ट कुठली? मी पर्समधून काजळाची डबी काढली.

दुकानदार हसता हसता स्टुलावर बसला. हसू दे! मी क्रोमच्या नटाच्या निमुळत्या तोंडाला बोटानं काजळ फासलं, ह्यांनी तो भोकात दाबून फिरवला आणि काढला. आत काजळाची नुसती चंद्रकोर उमटली होती. म्हणजे नट एका कडेवरच टेकत होता. निळसरचं तेच. करडा घातला, फिरवला, काढला, तर आत पूर्ण गोल रेघ, कुठे तुटलेली नाही. दुकानदार उठून उभा राहिला आणि स्वतः वाकून बघून गेला. ह्यांचा चेहरा मात्र उतरला. "करडे? त्या चाकांना करडे?" मी म्हटलं, तुम्हाला मिरवायचंय की माझ्या बापाला आणायचंय? मग मलाच वाईट वाटून मी त्यांना कोपऱ्यावर फालुदा खायला नेलं. करडे नट बांधून देताना दुकानदारानं दोनदा बजावलं, "साईं, थोडा चला के फिर से टाइट करना. नया नट है, बैठेगा."

नट बसले, गाडी विटांवरून उतरली. हे एक फेरी मारून आले आणि खूश होऊन शिट्टी वाजवत अंघोळीला गेले. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. ह्या दिवशी आमच्या घरात हत्यारांची पूजा, आणि ती ह्यांची खास. पाटावर लाल कापड, त्यावर पक्कड, स्क्रूड्रायव्हर, जॅक, माझी विळी, कात्री, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू. एकदा पूजा मांडली की दसऱ्याला सोनं देऊन घेऊन होईपर्यंत त्यातली वस्तू हलवायची नाही. विळी देवाकडे, म्हणून मी भाजीसुद्धा हातानं मोडायची. पुरणाच्या नादात त्या पाटाकडे मी काही निरखून बघितलं नाही.

दसऱ्याला सकाळीच मी गाडी काढली. शेजारी हे, दर वळणाला पायाखाली नसलेला ब्रेक दाबत. वांगणीला आबा तयार होऊन ओट्यावर बसले होते, धुतलेलं धोतर, नवी टोपी. जेवणं झाली. आबांनी गाडीला हात लावत लावत एक प्रदक्षिणा घातली, चाकांपाशी बोटं थांबली, "गार हाय," म्हणाले आणि मागे बसले. "हळू हाकल. बैल नवं हायेत तुझं." मी इतकी सुखात होते की गाणंच म्हणायचं बाकी ठेवलं होतं.

बदलापूर जवळ आलं आणि कुठूनतरी टक टक असा आवाज यायला लागला. वेग वाढवला की भरभर, कमी केला की सावकाश. मी गाडी बाजूला घेतली. हे उतरले, एकेका चाकाशी बसले आणि मागच्या एका चाकाचा नट त्यांनी नुसत्या बोटांनी फिरवून दाखवला. दुकानदारानं दोनदा बजावलेलं मला आठवलं. "फिर से टाइट करना" राहूनच गेलं होतं. "बरं, घट्ट करा आता," मी म्हटलं. ह्यांनी डिकी उघडली आणि तशीच धरून उभे राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "पाना पूजेत आहे."

त्यावर मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. आबा मागे बसले होते म्हणून निम्मंच बोलले.

पुढे थोड्या अंतरावर एक गॅरेज होतं. पायी चालावं इतक्या वेगानं गाडी तिथवर नेली. शटर अर्धं उघडं, आत एका फळीवर सगळी हत्यारं ओळीनं मांडलेली, झेंडूच्या ढिगात बुडालेली, उदबत्ती चालू. मालक मेकॅनिक नवा शर्ट घालून खुर्चीवर बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, वाईट वाटलेलं दिसलं, पण नकारार्थी मान हलवली. "ताई, आज पान्याला हात नाही लावत आम्ही. वडिलांपासून चालत आलंय. आज बदलापुरात कुणीच लावणार नाही. सकाळी या, पहिलं तुमचं काम." मी गयावया केली, दादा, उद्या सकाळी ऑपरेशन आहे. तो हात जोडून म्हणाला, "मग असं करा, बाबांना मी रिक्षा करून देतो. वांगणी काय लांब नाही, सुखरूप घरी जातील. ऑपरेशन काय, पुढच्या महिन्यात करता येईल."

झालं! घरी जायला रिक्षा, आणि वर देवाची आडकाठी. त्याच रिक्षानं अंबरनाथला आमच्याकडे न्यावं, तर आबांचा शब्द फक्त माझ्या मोटारीपुरता होता. दोन वर्षं आबा शोधत होते ते निमित्त कुणीतरी त्यांना ताटात वाढून दिलं होतं. मागचं दार उघडल्याचा आवाज आला. आबा उतरले. मला वळून बघवेना. वाटलं, गेले, आता हा माणूस आंधळा होऊन त्या ओट्यावर बसणार आणि मी दर रविवारी जाऊन हाक मारणार.

आबांनी मेकॅनिककडे पाणी मागितलं. प्यायले नाहीत, हात धुतले, धोतराला पुसले. मग उदबत्तीच्या वासावर चालत फळीपाशी गेले, हात जोडून खूप वेळ उभे राहिले आणि झेंडूच्या फुलांतून हळूहळू बोटं फिरवत म्हणाले, "यातला कंचा लागतो रं?"

"बाबा, पूजा आहे ती!" मेकॅनिक उठलाच.

"मला ठावं हाय. मी बी उभा जलम नांगराची पूजा केली. तू हात लावू नको, मी उचलतो. पाप लागलं तं मला लागू दे." मग माझ्या दिशेनं हात केला. "ही माजी पोर. समोर हुबी राहते तवा आवाजावरनं वळखतो मी तिला. दोन वरसं तोंड दिसलं नाय तिचं. भ्या वाटतं म्हनून म्हशीचं निमित सांगत बसलो. आता नाय सांगायचं."

मेकॅनिक पुढे झाला, फळीला नमस्कार केला, एका पान्यावरची फुलं उचलून आबांच्या ओंजळीत दिली आणि स्वतःच पाना घेऊन बाहेर आला. नवा शर्ट घालून जमिनीवर बसला, चारही चाकांचे नट समोरासमोरचे धरून घट्ट केले. होईपर्यंत आबा ओंजळ तशीच धरून उभे. नंतर पाना पुसून जागेवर गेला, फुलं त्याच्यावर गेली, पुन्हा हळदकुंकू लागलं. निघताना त्यानं आबांच्या हातात आपट्याचं पान ठेवून पाया पडून घेतलं. अंबरनाथपर्यंत हे एकदाही ब्रेक दाबायला विसरले नाहीत, पण मला त्या दिवशी त्यांचा रागच येईना.

ऑपरेशन झालं. पट्टी सोडली तेव्हा मी समोरच उभी होते. आबांनी आधी डॉक्टरांकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग माझ्याकडे. बघतच राहिले. मी ठरवून नवी साडी नेसले होते. ती त्यांच्या लक्षातही आली नाही. हात उचलून त्यांनी माझ्या कानावरच्या बटेला बोट लावलं.

"केस पिकलं गं तुजं," म्हणाले. "कवा?"

डोळ्यांतून पाणी काढायचं नाही असं डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं. मला कुणी बजावलं नव्हतं.