मामाजींना वेळ पुरत नसे

"रिटायर झाल्यावर वेळ कसा जातो हो?" असं कोणी विचारलं की आमचे मामाजी चिडत. "वेळ जाऊन राह्यला कुठं? मले पुरतच नाही!" म्हणत ते विचारणाऱ्यालाच कामाला लावत. चहाला आलेल्या पाहुण्याच्या हातात गुलाबाची फांदी नाहीतर उघडलेलं भिंतीवरचं घड्याळ येई, आणि "जरा धरा" एवढ्यावर तो बिचारा अर्धी दुपार उभा राही.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सुना सासऱ्यांना असंच म्हणतात. बाभुळगावजवळच्या बौद्ध वस्तीत मजुरी करणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मलेला हा माणूस वस्तीतला पहिला इंजिनियर. पाटबंधारे खात्यातली सगळी नोकरी जिल्ह्यातल्या लहान धरणांवर आणि कालव्यांवर झाली. महागावकडे माझ्या माहेरच्या शिवारात जो कालवा आहे, तो त्यांच्या देखरेखीखाली झाला, हे मला लग्नानंतर कळलं. तेही दुसऱ्याच कोणाकडून. स्वतःच्या नोकरीबद्दल ते फारसं बोलत नसत. बोलत ते नव्या छंदाबद्दल.

छंद म्हणजे नुसता विरंगुळा नव्हता. गुलाबाला डोळे भरायला, म्हणजे कलम करायला, शिकले, तेव्हा पहिल्या हंगामात एकही डोळा जगला नाही. मी हळहळले. ते मात्र वाळलेल्या काड्या खताच्या खड्ड्यात टाकत म्हणाले, "आधी बिघडू दे, मंग जमते." पुढच्या वर्षी विहाराच्या आवारात त्यांनी लावलेले गुलाब बघायला लोक मुद्दाम येत. उन्हाळ्यात सासूबाईंबरोबर धापोड्याचे पापड घालायला बसले, तर ते वाळवायला गच्चीवर मच्छरदाणीची चौकटच उभी केली. "हे घर हाये का वर्कशॉप?" सासूबाई कुरकुरल्या, पण शेजारणींना ती चौकट दाखवताना त्यांच्या चेहऱ्यावरचा तोरा मी पाहिलेला आहे.

सगळ्यांत जास्त जीव घड्याळांत. गावातली बंद पडलेली घड्याळं आमच्या पुढच्या खोलीत येत आणि चालू होऊन जात. अशाच एका घड्याळाचा बारीक स्क्रू बसवताना त्यांचा हात थरथरला. स्क्रू पडला. मी उचलून दिला, तो पुन्हा पडला. तिसऱ्यांदा त्यांनी हात पुढे केलाच नाही.

यवतमाळच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला.  दोन दिवसांनी मामाजींनी सगळी हत्यारं बाजारातल्या घड्याळदुरुस्तीवाल्याला देऊन टाकली आणि ते पडवीतल्या खुर्चीत बसले. मग बसूनच राहिले. गुलाबाकडे जाईनात. एका दुपारी त्यांनी मला विचारलं, "किती वाजले, बेटा?" थोड्या वेळानं पुन्हा तेच. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं. त्यांच्या आजाराची मला खरी भीती वाटली ती तेव्हा.

अशातच एक दिवस मी तुरीची डाळ निवडत गुणगुणत होते. मामाजींनी मान वळवली.

"तू गाणं शिकली होती काय?"

"हो, माहेरी. बरीच वर्षं."

"मंग सोडलं काहून?"

 सोड असं कोणी म्हटलं नव्हतं. शाळेची नोकरी, स्वयंपाक, मुलं, यात ते कुठेतरी मागे राहून गेलं होतं. मामाजी म्हणाले, "डाक्टर म्हने, पुढं आवाजबी बसत जाईन. बसायच्या आधी वापरून घेतो. मले शिकव."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले, तर पुढच्या खोलीत सतरंजी अंथरलेली आणि मामाजी धुतलेल्या सदऱ्यात मांडी घालून बसलेले. मी माहेरून आणलेली पेटी उघडताच म्हणाले, "करा सुरू, बाई." मी एकदम संकोचले. "अहो मामाजी, मला काय अहो-जाहो?" तर म्हणाले, "शिकवनारीले तू कसं म्हनू?" शिकवणी संपली की मी पुन्हा 'बेटा' होई, शिकवणीपुरती मी बाई. हा नेम त्यांनी शेवटपर्यंत मोडला नाही.

सूर लागत नसत. सासऱ्याला चुकलात म्हणायला माझी जीभ रेटेना; मी "छान" म्हणून पुढे जाई. एके दिवशी ते थांबले आणि खरोखर रागावले. "धरनाची भिंत वाकडी असली, त मी ठेकेदाराले चांगली हाये म्हनत होतो काय? चुकलं त चुकलं म्हना!" त्या दिवसापासून मी खरी शिकवू लागले, आणि ते शिकू लागले.

बुद्धपौर्णिमेला विहारात त्यांनी गायचं ठरवलं. सासूबाईंना धास्ती, लोक हसतील. मामाजी उभे राहिले, थरथरणारे हात पाठीमागे एकमेकांत धरून. पेटीवर मी. दुसऱ्याच ओळीला सूर घसरला. विहार गच्च भरलेला.  मामाजी थांबले आणि सरळ समोर बघत म्हणाले, "हे चुकलं. पहिल्यापासून घेतो." आणि घेतलं. आवाज बारीक होता, पण शेवटपर्यंत सुरात गेला. कोणी हसलं नाही. अभिमानानं ऊर भरून येतो म्हणतात, ते त्या दिवशी मला कळलं.

त्याच आठवड्यात गल्लीतल्या दोघीजणी आल्या. "म्हातारे सायेब शिकले, मंग आमाले काहून नाही येनार?" मामाजींनी घड्याळांचं टेबल स्वतः ओढत मागच्या खोलीत नेलं, मला हात लावू दिला नाही. पुढची खोली माझ्या वर्गाची झाली. बायका वाढत गेल्या. मामाजींचा आवाज पुढे बसत गेला, तरी ते रोज सगळ्यांत मागे बसत आणि कोणाचा सूर लागला की मान हलवत.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. भेटायला येणाऱ्यांनी अंगण भरून जाई. कोणी कालव्याचं सांगे, कोणी गुलाबाचं, कोणी घरच्या घड्याळाचं. आर्णीकडून एक वृद्ध गृहस्थ आले होते. उठताना मला म्हणाले, "बाई, सायेब तुमचे कोन होत?"

"सासरे," मी म्हणाले. पण तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. ते फाटकापर्यंत पोचले होते. मी मागोमाग गेले आणि सांगितलं, "माझे पहिले विद्यार्थी."