मॅडमच्या मुलीची अमेरिकेची फिल्म

कांदा करपल्याचा वास आला की आखातातल्या जुमेरा लेक टॉवर्समधलं ते स्वयंपाकघर आठवतं. मी तिथं कामाला होते. मॅडमच्या मुलीला शाळेत अमेरिकेचा इतिहास होता, आणि टीचरनं सांगितलेलं, स्वतः शोधा नि त्याची फिल्म बनवा. तिनं तिकडच्या गुलाम बायांचं घेतलं. मी कांदा परतत होते तर माझ्या हातांवर मोबाइल धरून म्हणाली, "मावशी, डोन्ट स्टॉप, भाजल्याचे डाग परफेक्ट दिसतायत." मग समजावलं, "या बाईचं बाळ लांब आजारी असतं, पण मालकाच्या चिठ्ठीशिवाय तिला जाता येत नाही." माझी लेक तेव्हा रत्नागिरीत हॉस्पिटलात होती, आणि माझा पासपोर्ट आल्या दिवसापासून मॅडमच्या कपाटात. कांदा करपला तरी मी हलवत राहिले. फिल्म बनवून झाल्यावर सगळ्यांनी हॉलमधल्या टीव्हीवर बघितली. मॅडम रडल्या. "काय दगडाचं काळीज गं त्या लोकांचं!" त्या रडतायत बघून मी धीर केला. म्हटलं, "मॅडम, पासपोर्ट द्या, लेकीला बघून येते." डोळे पुसत म्हणाल्या, "आत्ता नाही हां, पाहुणे येणारेत. पुढच्या महिन्यात बघू, इन्शाल्ला." मुलगी ओरडली, "मम्मा, श्श! माय नेम इज कमिंग." पुढच्या महिन्यात पासपोर्ट दिला. तोवर लेकीला माती देऊन झालेली. तिची पोर आता माझ्याजवळ वाढते. आई शेवटी काय बोलली, असं विचारते. मी सांगते, मला नाही माहीत, मी तिथं नव्हते.