इस्त्रीताईचं पहिलं नाव

संशय घेणं हा माझा स्वभाव आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. लाँड्री चालवणाऱ्या बाईला भोळं राहून परवडत नाही. गिऱ्हाईक घरी जाळलेला शर्ट आणून टाकतं आणि वर आमच्याच नावानं बोंब मारतं.

इस्त्रीताई माझ्याकडे इस्त्रीच्या टेबलावर काम करायची. लढाईत लहानपणी आई आणि मोठ्या भावाबरोबर सीमा ओलांडून आलेली. आई पुढे वारली. भाऊ बस चालवायला लागला, त्याला नागरिकत्वही मिळालं. हिचा अर्ज मात्र फेटाळला गेला, कारण तपासणीत दोघांचं रक्ताचं नातं निघेना. ‘तुम्ही सांगता ती व्यक्ती तुम्ही नाही,’ असं कचेरीनं कळवलं. अपिलातही हेच झालं, तर तिला देश सोडावा लागणार होता.

“कोण आहेस गं तू?” मी सरळ विचारलं.

“मी तीच आहे,” कॉलरवरून इस्त्री फिरवत ती म्हणाली. त्यापुढे ताकास तूर लागू देईना.

दर रविवारी तिला भेटायला येणारा भाऊ त्या पत्रानंतर फिरकला नाही. त्याची बायको मात्र येऊन गेली. “बहीण नाही, मग ही कोण?” असं मलाच दरडावून विचारलं तिनं. खरं सांगायचं तर माझ्याही मनात नको नको ते येत होतं. कुठंतरी पाणी मुरत होतं एवढं नक्की.

मग एका दुपारी इस्त्रीताईनं चक्क शर्ट जाळला. मी तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, तेव्हा कुठं तिनं तोंड उघडलं.

“सीमेवर पोचले तेव्हा माझं कुणीच उरलं नव्हतं. मी जिला आई म्हणते, त्या बाईची पोर वाटेत तापानं गेली होती. शिपाई एकट्या पोरांना वेगळं काढून नेत होते. तिनं माझा हात धरला आणि आपल्या पोरीचं नाव सांगितलं. तेव्हापासून मी ती.”

“मग हेच सांग की कचेरीत!”

“आणि दादाचं काय? त्यानं अर्जात मला सख्खी बहीण म्हटलंय. त्याची बस जाईल, पोरं उघड्यावर येतील.”

“तो तोंड लपवून बसलाय आणि तू त्याला पाठीशी घाल!” मी कडाडले. तिनं जळलेला शर्ट घडी करून बाजूला ठेवला.

सुनावणीला मालकीण म्हणून मीही गेले. बघते तर दादा आधीच येऊन बसलेला. हा अंग काढून घ्यायला आलाय, दुसरं काय!

साहेबानं तिला बाहेर थांबवलं. दादा उभा राहिला. “खोटं मी लिहिलं. ती लहान होती, मी कळता होतो. तिचं खरं नाव मला माहीत आहे.” आणि त्यानं एक नाव सांगितलं. मी ते कधीच ऐकलं नव्हतं.

तिला आत बोलावलं. “खरं नाव?” तिनं दादाकडे पाहिलं.

“सांग,” दादा म्हणाला.

ती पुटपुटली. तेच नाव! साहेब खुर्चीत मागे रेलला. “घरून घोकून आलात.” माझ्याही मनात अगदी हेच आलं होतं. पण तिचं साहेबाकडे लक्षच नव्हतं. ती दादावर उसळली.

“तुला कुणी सांगितलं? आईनं मला शपथ घातली होती, कुणापाशी बोलायचं नाही म्हणून!”

“आईनंच. जाताना म्हणाली, हिच्या घरचं कुणी शोधत आलं, तर नाव ठाऊक असायला हवं.”

खिसा कापताना पकडलेल्या माणसाकडे बघावं तशी ती त्याच्याकडे बघत होती. असला राग घोकून येत नाही. साहेबानं पेन खाली ठेवलं.

लहानपणी मोठ्यांनी लादलेलं नाव हा तिचा गुन्हा नाही, असं म्हणून त्यानं तिचं अपील मंजूर केलं. दादाची चौकशी सुरू करायचा हुकूमही तिथंच निघाला, आणि त्यावर त्यानं मुकाट सही केली.

बाहेर व्हरांड्यात तिनं त्याला अडवलं. “ठाऊक होतं, तर एकदाही त्या नावानं हाक का नाही मारलीस?”

“मग माझी बहीण वाटेतच गेली, हे मला कबूल करावं लागलं असतं,” दादा म्हणाला. आणि भर व्हरांड्यात, इतक्या वर्षांनी, तो त्या पोरीसाठी हमसून हमसून रडला.