पहिल्या पोत्याचं कुंकू

बाळांनो, इथे बसवनगुडीत सेंद्रिय हळद तुमच्याकडे परदेशी पाठवणारं एक गोदाम आहे. घरासाठी हळद आणायला मी तिथे गेले, तेव्हा पोत्यांची तोंडं शिवणारी एक बाई भेटली. नाव विचारायचं राहून गेलं. केस टोपीत घट्ट कोंबलेले, आणि प्रत्येक टाक्यानंतर ती सुतळी ओढून पाहायची.

नव्या हंगामातला पहिला माल निघत होता. शुभ म्हणून मी पर्समधली कुंकवाची डबी उघडली आणि पहिल्या पोत्याला बोट लावायला गेले. तिने माझं मनगटच धरलं.

“अक्का, स्वल्प थांबा! तिकडचे नियम कडक झालेत. आता बंदरावर प्रत्येक खेप तपासतात. तुमच्या कुंकवाचा रंग हळदीत सापडला, तर सगळा माल परत!”

“अगं, एवढंसं बोट...”

“एवढंसंच सापडतं त्यांना. शुभच पाहिजे ना? मग मला लावा. पोती मीच शिवलीत.”

तिने टोपी वर सरकवून कपाळ पुढे केलं. मी कुंकू लावलं. तिने टोपी भुवयांपर्यंत ओढली, हात पुन्हा धुतले आणि दाभण उचललं.

तुमच्याकडच्या दुकानात ती हळद मिळाली, तर बेलाशक घ्या. कुंकू इथेच राहिलंय, तिच्या टोपीखाली.